परसदारचे काळे टोमॅटो

"आगं, ही काय नासकी टमाटी पाटीत घातलीस?" सासूबाईंनी पाटीतले एक फळ उचलून खिडकीच्या उजेडात धरले.

"नासकी न्हाईत, आत्याबाई. त्यांचा रंगच तसा हाय. एक खाऊन तर बघा."

सासूबाईंनी फळ पदराला पुसले, तोंडात टाकले आणि जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या उकिरड्यावर बारकी टमाटी यायची ना, तशी चव हाय बघ. त्याचं बी कुठं गेलं कुणास ठाऊक."

चाकणच्या अलीकडच्या एका गावातल्या स्वयंपाकघरातला हा प्रसंग. पाटीतली फळे होती गोटीपेक्षा थोडी मोठी, काळपट तांबडी, जांभळाकडे झुकलेली. आणि सासूबाईंचा प्रश्न होता तो नुसत्या चवीचा नव्हता. घरचे बी घरातून गेले कसे, हा तो प्रश्न होता.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे अशी गावे तिच्या हद्दीत आली. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या बाजूला मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. कुणाची सगळी शेती गेली, कुणाची निम्मी. पैसा आला, नोकऱ्या आल्या, भाड्याच्या खोल्या बांधल्या गेल्या. पण ज्या घरात कधी भाजी विकत आणली नव्हती, त्या घरची माणसे पिशवी घेऊन बाजारात उभी राहू लागली.

टोमॅटोचे उदाहरण घ्या. २०२३ सालच्या मे महिन्यात भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्याच वर्षी जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या पुढे भाव मिळाला. पिकवणाऱ्याला एका महिन्यात रडवणारे आणि खाणाऱ्याला दुसऱ्या महिन्यात रडवणारे हे पीक. अशा वेळी घराच्या मागे सहा-आठ झाडे असली तर निदान आपली कढई कुणाच्या भावावर अवलंबून राहत नाही.

काळा रंग कशाने येतो?

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला. वऱ्हाडात त्याला भेदरे म्हणतात, आपल्याकडे टमाटे. जगात त्याचे लाल, पिवळे, हिरवे, पट्ट्यांचे असे शेकडो वाण आहेत. त्यांतच हे काळे चेरी टोमॅटो. चेरी म्हणजे बारीक, घोसाने येणारे.

साधा टोमॅटो पिकला की त्याच्यातले हरितद्रव्य नाहीसे होते आणि लाल रंग उरतो. या काळ्या वाणात हरितद्रव्य पूर्ण जात नाही. हिरवा आणि लाल एकमेकांत मिसळून काळपट तपकिरी रंग होतो. 'ब्लॅक चेरी' नावाचा जो वाण परसबागेसाठी जगभर लावला जातो तो या जातीचा. दुसरा प्रकार निळसर काळ्या सालीचा. त्याच्या सालीत जांभळात आणि वांग्याच्या सालीत असते तसले रंगद्रव्य असते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या विद्यापीठाने टोमॅटोच्या रानटी भाईबंदांशी संकर करून असा 'इंडिगो रोज' नावाचा वाण २०१२ साली बाहेर आणला. हे दोन्ही वाण नेहमीच्या पैदाशीच्या पद्धतीने तयार झालेले आहेत. त्यामुळे "हे इंजेक्शन दिलेले आहे का?" अशी शंका मनात आणू नये.

काळा टोमॅटो म्हणजे औषध, असेही कुणी सांगू लागले तर मान डोलावू नये. तो एक चांगला, चवदार टोमॅटो आहे, एवढे पुरे. गोडी जास्त, आंबटपणा बेताचा आणि मागे किंचित धुरकट चव. भाकरीबरोबर तो फार जमतो.

आधी माती आणि पाणी पाहा

आपल्या भागात ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे. घराभोवतीची जागा पूर्वीच्या शेताची असली तरी आता तिच्यावर कधी मुरूम पडलेला असतो, कधी बांधकामाचा राडारोडा, कधी भंगार साठवलेले असते. जिथे तेलकट माती दिसते, गंजके लोखंड वा रंगाचे डबे सापडतात, तिथे खायची भाजी लावू नये. विटांचा दीड फूट उंच वाफा बांधावा किंवा कुंड्या वापराव्यात, आणि माती चांगल्या शेतातली आणावी.

भंगारवाल्याकडे कारखान्यातले निळे पिंप स्वस्तात मिळतात. त्यांत पूर्वी काय होते हे त्यालाही ठाऊक नसते. असले पिंप कापून कुंडी करू नये आणि त्यात झाडांचे पाणीही साठवू नये. त्यापेक्षा पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा बरा. त्याला तळाशी पाच-सहा भोके पाडली की एका झाडाची सोय झाली.

पाण्याचेही तसेच. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना गेली काही वर्षे वारंवार दिसला आहे. ओढ्या-नाल्यांचे, सांडपाण्याचे पाणी भाजीला देऊ नका. घरचे तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी सहा-आठ झाडांना बराच हातभार लावते. पत्र्यावरचे पावसाचे पाणी धरायचे असेल तर पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू द्यावे आणि मगच पिंप लावावे.

गणपती गेले की बी टाका

पावसाळ्यातही टोमॅटो येतो, पण परसबागेत पहिल्यांदा लावणाऱ्या बाईने हिवाळा धरावा. अनंत चतुर्दशी झाली की बी टाकावे. कुंडीत किंवा पसरट टोपलीत गाळलेली माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे, वरून बारीक खत भुरभुरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. आठवडाभरात बी उगवते. टोपलीवर बारीक भोकांची नायलॉनची जाळी किंवा जुनी मच्छरदाणी बांधा. पांढरी माशी रोपावस्थेतच विषाणू आणून सोडते, तिला बाहेर ठेवणे हे निम्मे काम आहे.

पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होते. दिवाळीच्या सुमारास ते जागेवर लावावे. दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावे. खड्ड्यात दोन-तीन ओंजळी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. रोप खालच्या पानांपर्यंत मातीत गाडले तरी चालते. टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटतात आणि झाड घट्ट धरते. लावणी संध्याकाळी करावी.

जागा निवडताना आणखी एक पथ्य पाळा. टोमॅटो, वांगे, मिरची आणि बटाटा ही एकाच घराण्यातली भावंडे. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. खेड-चाकणच्या बाजूला बटाटा घरोघर माहीत आहे. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा तोच टोमॅटोवरही येतो. म्हणून बटाटा किंवा वांगी काढलेल्या जागेवर लगेच टोमॅटो लावू नये. मध्ये मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात असे काही घ्यावे.

मांडव, पाणी आणि छाटणी

हे झाड बुटके राहत नाही. वेलासारखे सहा-सात फूट वाढते. लावणीच्या दिवशीच बाजूला बांबू रोवा, नंतर रोवला तर मुळे दुखावतात. जुन्या साडीच्या पट्ट्या किंवा सुतळी घेऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा, म्हणजे खोड कापत नाही. पान आणि खोड यांच्या बगलेतून फुटवे येतात. पहिल्या फुलांच्या घोसाखालचे सगळे फुटवे बोटाने खुडावेत. एक मुख्य खोड आणि त्याच्या जोडीला एक फुटवा एवढेच वाढू द्यावे. सगळेच ठेवले तर झाड जंगल होते आणि फळ बारीक राहते.

पाणी नेमाने द्यावे. चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी घागर ओतायची, असे केले की फळे तडकतात. काळ्या चेरीची साल पातळ असते, ती तर हमखास तडकते. बुडाशी भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत चार बोटे जाड पसरावे. ओल टिकते आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. पाणी बुडात द्यावे, पानांवर नको. दर पंधरा दिवसांनी झाडाला ओंजळभर गांडूळखत द्यावे. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाला माजतो आणि फुले कमी येतात.

फुले आली की सकाळी बांबूला हलकी टिचकी मारावी. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकाच जागी असतात, हलवले की फळधारणा चांगली होते. लावणीपासून साधारण पासष्ट-सत्तर दिवसांनी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास पहिला घोस हाती येतो. पुढे ऊन तापेपर्यंत फळे येत राहतात. पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही उकडू लागले की फुले गळतात. तेव्हा झाडाला बोल लावू नये, त्याचा हंगाम संपला असे समजावे.

रोग-किडीवर नजर

हे जुन्या पद्धतीचे वाण चवीला चांगले, पण रोगाला नाजूक. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का रक्षक' या संकरित वाणात तीन रोगांशी लढण्याची ताकद आहे, तशी यांच्यात नाही. म्हणून रोज सकाळी पाने उलटून पाहण्याची सवय लावा.

पाने आकसून वाटीसारखी झाली, झाड खुजे राहिले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून, पिशवीत घालून दूर टाकावे, शेजारची वाचतील. पिवळ्या पत्र्याला एरंडेल चोपडून बागेत टांगला की माशा चिकटतात.

पानात पांढरट वेड्यावाकड्या रेषा आणि फळाला बारीक भोक दिसले तर ती टोमॅटोची नागअळी. ही आपल्या देशात पहिल्यांदा २०१४ साली पुण्याकडेच आढळली. अशी पाने दिसताच तोडून नष्ट करावीत. मोठी फळ पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते, म्हणून कडेने झेंडूची चार रोपे लावावीत. दसऱ्याला फुले मिळावीत म्हणून लावतो तोच झेंडू, फक्त जरा मागाहून लावायचा.

फवारणीसाठी निंबोळी अर्क घरीच करता येतो. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी फवारावे. घरातले लेकरू येता-जाता फळ तोडून तोंडात टाकते, हे लक्षात ठेवा. परसबागेत विषारी औषध आणायचेच नाही.

पिकले कसे ओळखावे?

खरी गंमत इथे आहे. लाल टोमॅटो रंगावरून कळतो, हा कळत नाही. काही बाया कच्चाच तोडतात, काही सडला म्हणून कोंबड्यांना टाकतात. ब्लॅक चेरीचा हिरवा रंग आधी मळकट तांबूस होतो, मग गडद काळपट तांबडा. देठाजवळ थोडी हिरवी झाक शेवटपर्यंत राहू शकते. बोटाने दाबले की फळ किंचित दबते आणि देठाच्या गाठीशी सहज सुटते, तेव्हा ते पिकले. निळसर काळ्या वाणाची वरची बाजू कच्चेपणीच काळी असते. त्याचे बूड पाहावे. बूड हिरवे असेल तर थांबा, लाल झाले की तोडा. तोडलेली फळे टोपलीत सावलीला ठेवावीत. फ्रीजमध्ये त्यांची चव मरते.

चुलीपाशी

*भाजलेल्या टोमॅटोचा ठेचा.* पाव किलो टोमॅटो, पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि आठ-दहा लसूण पाकळ्या तव्यावर थोड्या तेलात भाजाव्यात. टोमॅटोची साल फुटून रस आटू लागला की उतरवावे. खलबत्त्यात दोन चमचे भाजलेले दाणे, मीठ आणि जिरे आधी कुटावे, मग मिरची-लसूण आणि शेवटी टोमॅटो. वरून कोथिंबीर. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी असली की दुसरे कालवण लागत नाही. पहिल्या पाळीला पहाटे निघणाऱ्या माणसाच्या डब्यात हा ठेचा दुपारपर्यंत छान राहतो.

*सार.* अर्धा किलो टोमॅटो उकडून पुरणयंत्रातून गाळावे, साल आणि बी मागे राहते. त्यात दोन वाट्या पाणी, मीठ, गुळाचा लहान खडा आणि वाटलेली एक मिरची घालून उकळी आणावी. आच मंद करून वाटीभर नारळाचे दूध घालावे. यानंतर खळखळ उकळू नये, फाटते. वरून तूप, जिरे, कढीपत्त्याची फोडणी. रंग लाल न येता विटकरी येतो, तो तसाच असायचा.

*कोशिंबीर.* फळे अर्धी चिरून त्यात दही, दाण्याचे कूट, मीठ, चिमूटभर साखर आणि हिंग-मोहरीची फोडणी घालावी. मीठ वाढायच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटते.

*वाळवण.* फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जास्तीची फळे अर्धी चिरून, चिरलेली बाजू वर करून, किंचित मीठ लावून स्वच्छ फडक्यावर वाळवावीत. वरून पातळ मलमल घालावी आणि रात्री घरात घ्यावी. हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत वाळवावे आणि कोरड्या बरणीत भरावे. पावसाळ्यात आमटीत, पिठल्यात, भरताच्या वांग्यात मूठभर टाकले की चव येते. ती तेलात बुडवून बाहेर ठेवू नयेत. त्यात विषबाधेचा धोका असतो.

टोमॅटोतले लाल द्रव्य थोड्या तेलात शिजवल्यावर अंगी चांगले लागते. म्हणून थोडी कच्ची आणि थोडी शिजवून, अशी दोन्ही खावीत.

बी राखा

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांच्या उकिरड्यावरच्या टमाट्याचे बी गेले, कारण ते राखायचे असते हे कुणाला वाटलेच नाही. दरवर्षी ते आपोआप उगवत होते. उकिरडा गेला, परस फरसबंद झाले आणि बी संपले.

बियाणे घेताना पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे लिहिले असेल तर त्याचे बी पुढच्या वर्षी तसेच निघत नाही. सरळ वाण असेल तर निघते. ब्लॅक चेरी सरळ वाण आहे. विकत एकदाच घ्यावे लागते.

सर्वांत निरोगी आणि चवदार झाड निवडा. त्यावर रंगीत दोरा बांधा आणि त्याचा एक घोस कुणी खाणार नाही असे घरात सांगून ठेवा. फळे झाडावर पूर्ण पिकू द्या. मग गर पेल्यात पिळून थोडे पाणी घाला आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर फेस येतो आणि बियांवरचा चिकट थर सुटतो. चांगले बी तळाशी बसते. ते दोन-तीनदा धुऊन स्टीलच्या ताटात सावलीत वाळवा. कागदावर वाळवले तर चिकटून बसते. खडखडीत वाळले की राखेबरोबर काचेच्या बाटलीत भरा आणि वाणाचे नाव व साल लिहा. कोरड्या, थंड जागी ते चार-पाच वर्षे उगवण्याजोगे राहते.

हे काम लहान समजू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बियाणे जमवत बीज बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही घरच्या परसातूनच झाली होती.

विकावे का?

शहर जवळ आहे, तेव्हा हा विचार मनात येणारच. चेरी टोमॅटोला पुण्यात गिऱ्हाईक आहे, पण पातळ सालीचे हे फळ क्रेटमध्ये दबते आणि तडकते. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय अर्धा एकरही लावू नये. आधी आठ झाडे, मग पंचवीस. शेडनेटमध्ये लागवड करायची असेल तर तळेगाव दाभाड्याच्या काढणी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. जास्तीची पाटीभर फळे शेजारच्या भाडेकरू कुटुंबांना दिली तरी रोजच्या मीठ-मिरचीचा खर्च सुटतो, आणि हा पैसा बाईच्या हातचा असतो.

पी हळद आणि हो गोरी, असे बागेत काही होत नाही. पहिल्या वर्षी दोन झाडे मरतील, एक घोस तडकेल, एक पोरे कच्चाच खातील. तरी हरकत नाही. त्या चाकणच्या घरात आता देवळीत एक लहानशी बाटली आहे. तिच्यावर सुनेने वाणाचे नाव आणि साल लिहून ठेवले आहे. आणि ती बाटली जपायचे काम सासूबाईंनी आपण होऊन स्वतःकडे घेतले आहे.